पदाचं सेवापुस्तक

शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जून आहे. आई सांगायची, तू पोळ्याच्या आदल्या दिवशी झालास. बैलांची शिंगं रंगवून झाली होती, म्हणून तिला पक्कं आठवायचं. पण शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का ते पाहिलं, वय अंदाजानं धरलं आणि जूनची पहिली तारीख टाकून मोकळे झाले. माझ्या पिढीत असे १ जूनवाले गावोगाव आहेत, आणि त्यातले कितीतरी पुढे स्वतःच गुरुजी झाले.

महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमानुसार आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे हा महाराष्ट्रातल्या शिक्षकांच्या निरोपाचा ठरलेला दिवस. पंचायत समितीच्या सभागृहात सामुदायिक सत्कार, शाल, श्रीफळ, फेटा, जोडप्याचा फोटो, 'सरांची उणीव भासेल' असं दर भाषणात एकदा तरी. आणि दोन आठवड्यांनी शाळेची घंटा वाजते (विदर्भात उन्हामुळे जरा उशिरा) तेव्हा उणीव भासतेच. वर्गावर कुणी नसतं. मग 'तात्पुरती व्यवस्था' म्हणून शेजारच्या शाळेतले एक गुरुजी उचलायचे आणि इकडे बसवायचे. शेजारच्या शाळेचं काय, हा पुढचा प्रश्न.

नोकरीत लागल्या दिवशी माझ्या सेवापुस्तकाच्या (नोकरीच्या सगळ्या नोंदींच्या वहीच्या) पहिल्या पानावर जन्मतारीख लिहिली गेली. प्राथमिक शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे मी कोणत्या दिवशी खुर्ची सोडणार हे सरकारला तीस-पस्तीस वर्षं आधी कळलेलं होतं. इतकी आगाऊ सूचना मिळूनही जी जागा जूनमध्ये रिकामी राहते, तिच्याबाबतीत 'शिक्षक मिळत नाहीत' ही सबब मला पटत नाही. माहिती हाताशी आहे. ती या कामाला लावलेली नाही, आणि ती लोकांपुढे नाही. या लेखात मला मांडायचं आहे ते एवढंच.

मी नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात केंद्रप्रमुख होतो. बाहेरच्यांसाठी सांगतो : राज्यात ४,८६० केंद्रं आहेत, साधारण दहाएक शाळांचं एक. केंद्रप्रमुखानं शाळाशाळांत जाऊन शिक्षकांना अध्यापनात मदत करावी, ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात माझा दिवस फोनवर जायचा. सकाळी साडेदहाला व्हॉट्सॲप गटात संदेश यायचा : सर्व मुख्याध्यापकांनी सोबतच्या तक्त्यात माहिती आज दुपारी दोनपर्यंत भरावी, माहिती निरंक असल्यास निरंक म्हणून कळवावे, विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील. मी तो पुढे ढकलायचो. दोन वाजता ज्यांची आली नाही त्यांना फोन. दुशिक्षकी शाळा असेल तर एक गुरुजी मोबाइलवर तक्ता भरत बसलेले, दुसऱ्या बाई पाचही वर्ग एका खोलीत घेऊन बसलेल्या. या पापात माझाही वाटा आहे, ते आधी कबूल करतो.

आणि माहिती कसली? एकूण शिक्षक, पैकी महिला, पैकी अपंग, जन्मतारीख, नियुक्ती दिनांक, व्यावसायिक पात्रता. हीच माहिती यूडायस प्लसमध्ये, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर भरलेली. पगारासाठी शालार्थमध्ये भरलेली. राज्याच्या सरल पोर्टलवर भरलेली. बदलीच्या पोर्टलवर पुन्हा भरायची. एका शिक्षकाची जन्मतारीख सरकारकडे पाच ठिकाणी आहे, तरी दर दोन महिन्यांनी ती कागदावर, सही-शिक्क्यानिशी मागवली जाते. कारण ही खाती एकमेकांशी बोलत नाहीत. प्रत्येक पोर्टल कुणाच्या तरी एका कामासाठी जन्माला आलं : पगार काढायला, बदल्या करायला, भरतीची यादी लावायला, दिल्लीला आकडा पाठवायला. शिक्षकी पेशाची तब्येत कशी आहे, हे विचारायला एकही नाही.

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला : सेवेची पाच वर्षांहून जास्त वर्षं उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावं. निकाल बरोबर की चूक, तो वाद निराळा. पण तो येताच पहिला प्रश्न होता, आपल्याकडे असे शिक्षक किती? नियुक्तीची तारीख, जन्मतारीख, पात्रता, तीन रकाने जुळवले की उत्तर. ते एका दुपारी बटण दाबून निघायला हवं होतं. माझ्या ओळखीच्या शाळांना मात्र नवा तक्ता आला, दोन वाजेपर्यंतचा.

शिक्षक आकड्यांना का बिचकतो, हेही समजून घेतलं पाहिजे. त्याच्या अनुभवात आकडा आला की पद जातं. ३० सप्टेंबरचा पट धरून संच मान्यता होते आणि त्यावर शाळेची पदं ठरतात. पटावरचं एखादं मूल इकडचं तिकडं झालं की एक शिक्षक 'अतिरिक्त'. त्यात आधारची भानगड. दाखल्यात 'वैष्णवी', आधारवर 'वैश्णवी', म्हणून नोंद जुळत नाही. मुलगी पहिल्या बाकावर बसून पाढे म्हणतेय, पण पदाच्या हिशेबात ती नाही. आई-वडील ऊसतोडीला गेलेले, आधार केंद्र तालुक्याला, बोटांचे ठसे लागत नाहीत. ज्या शिक्षकानं हे सोसलंय त्याला 'विदा (डेटा) हे सक्षमीकरणाचं साधन आहे' असं प्रशिक्षणात सांगायला गेलं की तो नुसता हसतो.

या अविश्वासाची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या सोयीची नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. तीन दिवस, पोरांच्या बोटाला शाई लावून. कागदावरची लाखो मुलं वर्गात सापडली नाहीत. संस्थाचालकांनी पट फुगवला होता, त्यावर तुकड्या आणि पदं मिळवली होती, आणि आमच्यापैकी अनेकांनी हजेरीपत्रकावर डोळे मिटून सह्या केल्या होत्या. पुढे २ मे २०१२ ला सरकारनं शिक्षकभरतीच थांबवली : आधी अतिरिक्तांचं समायोजन, म्हणजे त्यांना दुसऱ्या शाळांत सामावून घेणं, मग बघू. खोट्या आकड्यांची शिक्षा खऱ्या पोरांना आणि डी.एड. करून बसलेल्या खऱ्या तरुणांना झाली. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलसाठीची पहिली अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ ची, तिच्यावरची निवड २०१९ ची. पुढची चाचणी २०२३ ची, यादी फेब्रुवारी २०२४ ची. मधली सगळी वर्षं ३१ मे मात्र नेमानं येत होता.

म्हणजे निवृत्ती होते दर वर्षी, भरती होते पावसासारखी, आली तर आली. ही जी दरी आहे ती मोजायला कुठलाही अभ्यासगट नको. क्रम बघा. सप्टेंबरअखेरचा पट, त्यावरून संच मान्यता (ती हातात पडेपर्यंत पुढचं शैक्षणिक वर्ष उजाडतं), मग समायोजन, मग बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव याची यादी) तपासून घेणं, मग जाहिरात, मग पवित्रवर प्राधान्यक्रम, मग यादी, मग कुणीतरी न्यायालयात जाणं. या साखळीत प्रत्येक कडी मागे बघते : गेल्या सप्टेंबरात काय होतं? येत्या मेमध्ये काय होणार, हे एकही कडी बघत नाही. पुढच्या पाच वर्षांत कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या माध्यमाची, कोणत्या विषयाची किती पदं वयोमानानं रिकामी होणार, एवढा एक तक्ता शालार्थवरून काढून दर वर्षी जाहीर केला, तर बिंदुनामावली आधी तपासून ठेवता येईल आणि जाहिरात ३१ मेच्या अगोदरच्या दिवाळीत निघेल. नवे शिक्षक जूनमध्ये रुजू होतील. यात कसलीही क्रांती नाही. लग्नाची तारीख ठरली की आपण मंडप आधी सांगतो, तेवढंच.

हा तक्ता सरकारच्या टेबलावर असून पुरायचं नाही, तो जाहीर हवा, याचं मला सगळ्यात मोठं कारण वाटतं ते बारावी झालेल्या पोरांचं. २०१० च्या आसपास गावागावात डी.एड.ची लाट होती. शेत गहाण टाकून प्रवेश घेतले. बाहेर पडले तोवर भरती बंद. त्यातले किती जण वयाची मर्यादा ओलांडून गेले, किती जण आज खासगी शाळेत चार-पाच हजारांवर राबतात किंवा मेडिकल दुकानात उभे आहेत, हे मला नावानिशी ठाऊक आहे. माझे विद्यार्थीच ते. आता उलट झालंय. डी.एड. विद्यालयांच्या जागा भरत नाहीत, गुणी पोरं तिकडं फिरकत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. ज्या पेशात पुढच्या पाच वर्षांत किती जागा निघतील हे कुणी सांगत नाही, त्यात घरचं एकुलतं एक पोर कोण घालेल? आपल्या जिल्ह्यात २०३० साली विज्ञानाच्या पदवीधर शिक्षकांच्या अमुक इतक्या जागा निघणार, हे तिला मोबाइलवर दिसलं, तर बी.एस्सी.ला जाणारी एखादी मुलगी शिक्षक व्हायचा विचार करेल. चांगली माणसं या पेशात यावीत असं भाषणात म्हणायचं आणि दाराची वेळ सांगायची नाही, असं चाललंय.

देशपातळीवरचे आकडे आता बरेच खुले आहेत, हे मान्य. २०२४-२५ च्या यूडायस प्लस अहवालात देशातल्या शिक्षकांची संख्या पहिल्यांदा एक कोटीच्या पुढे गेली. एका शिक्षकामागे पायाभूत स्तरावर (दुसरीपर्यंत) १० मुलं, पूर्वतयारी स्तरावर (तिसरी ते पाचवी) १३, मध्यम स्तरावर (सहावी ते आठवी) १७, माध्यमिकला २१. शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिकला ३० आणि उच्च प्राथमिकला ३५ ची मर्यादा घातलेली, म्हणजे आपण कितीतरी पुढे. त्याच आकडेवारीत एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत आणि त्यात ३३ लाखांवर मुलं शिकतात. महाराष्ट्रात अशा शाळा आठ हजारांच्या घरात. आणि त्याच आकडेवारीत जवळपास आठ हजार शाळा अशा, की जिथे एकही मूल नाही, पण तिथे वीस हजारांवर शिक्षकांची नेमणूक आहे. त्यातले बहुतेक पश्चिम बंगालमधले.

ही तिन्ही चित्रं एकाच वेळी खरी आहेत. सरासरी काढणाऱ्याला शाळा दिसत नाही. पाच वर्ग, चाळीस मुलं, दोन शिक्षक : गुणोत्तर वीसाला एक, अहवालात हिरवा रंग. प्रत्यक्षात एका बाईंसमोर पहिली आणि दुसरी, दुसऱ्या गुरुजींसमोर तिसरी-चौथी-पाचवी. त्यातून एकाला बैठक लागली की गुणोत्तर चाळीसाला एक, आणि वर्ग पाच. १५ मार्च २०२४ च्या संच मान्यतेच्या निर्णयावर शिक्षक संघटना इतक्या चिडल्या, ते याच कारणानं. कमी पटाच्या शाळेतला पदवीधर शिक्षक कागदावर अतिरिक्त ठरतो, पण सातवीला गणित कोण शिकवणार हा रकाना त्या हिशेबात नसतो.

इंग्लंडमध्ये २०१० पासून दर नोव्हेंबरला सरकारी शाळांतल्या मनुष्यबळाची शिक्षकनिहाय गणना होते आणि तिचे निष्कर्ष सगळ्यांसाठी खुले होतात. नव्यानं लागलेल्या शंभर शिक्षकांपैकी सुमारे एक तृतीयांश पाच वर्षांत सरकारी शाळा सोडतात, हे तिथल्या वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला ठाऊक असतं. ती गळती डोळ्यांपुढे होती म्हणून २०१९ मध्ये सरकारला भरती आणि टिकाव अशा दोन्हींचं धोरण काढावं लागलं, आणि सप्टेंबर २०२१ पासून नव्या शिक्षकाला पहिली दोन वर्षं मार्गदर्शक आणि थोड्या कमी तासिका मिळू लागल्या. एवढं करून तिथला तुटवडा संपला का? नाही. भौतिकशास्त्राचे शिक्षक तिथेही पुरत नाहीत. पण तिथे वाद होतो तो उपाय कोणता यावर. आजार आहे की नाही यावर होत नाही.

त्यांचा प्रश्न आपल्याला जसाच्या तसा लागू नाही, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. आपल्याकडे जिल्हा परिषदेचा शिक्षक नोकरी सोडत नाही. तो तालुका सोडतो, जिल्हा सोडतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघर, गडचिरोली, नंदुरबार या जिल्ह्यांची ही जुनी दुखणी. भरतीत मराठवाड्यातला, पश्चिम महाराष्ट्रातला पोरगा तिकडे लागतो. काही वर्षं समुद्राकाठी किंवा जंगलात काढतो. आंतरजिल्हा बदलीचं पोर्टल उघडलं की अर्ज टाकतो आणि गावाकडे येतो. त्याला नावं ठेवणार नाही. म्हातारे आई-बाप तिकडे, हा इकडे. पण कोकणातल्या त्या वाडीवरच्या शाळेचं काय? तिथे पोरांना दर तीन-चार वर्षांनी नवे गुरुजी, आणि मध्ये काही महिने कुणीच नाही. राज्याच्या एकूण आकड्यात ही गळती दिसत नाही, कारण माणूस खात्यातच आहे.

जिल्ह्यांतर्गत बदल्यांचं तर स्वतंत्र पुराण होईल. २०१८ मध्ये संगणकानं बदल्या केल्या तेव्हा शिक्षकांनी त्याला 'खो' हे नाव दिलं. एकानं दुसऱ्याला खो द्यायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याला. पती-पत्नी एकत्रीकरणासाठी ३० किलोमीटरची अट, म्हणून अंतराचे दाखले. २९ चे ३१ करून आणणारे महाभाग आणि त्यांच्या तक्रारी करणारे त्याहून मोठे महाभाग. असो. पण त्या सगळ्या गदारोळात शिक्षकाचं सगळं मोजलं गेलं : सलग सेवा, अवघड क्षेत्रातली वर्षं, जोडीदाराचं अंतर, आजार. शाळेचं काहीच मोजलं गेलं नाही.

म्हणून माझी सूचना अशी. शिक्षकाचं सेवापुस्तक असतं, तसं पदाचं सेवापुस्तक ठेवा. अमुक शाळेतलं अमुक पद : मंजूर कधी झालं, कोणत्या विषयाचं, पहिल्यांदा भरलं कधी, गेल्या दहा वर्षांत त्यावर किती माणसं आली-गेली, किती महिने रिकामं होतं, सध्या त्यावर नियमित शिक्षक आहे, नवा, अजून कायम न झालेला शिक्षणसेवक आहे की मानधनावरचा कुणी, आणि वयोमानानं ते पुढे कधी रिकामं होणार. हे पान गावातल्या कुणालाही वाचता यावं. त्यात माणसाचं नाव लागत नाही, आधार लागत नाही, मोबाइल नंबर लागत नाही. सध्याची तऱ्हा बरोबर उलटी आहे : साऱ्या तालुक्यातल्या शिक्षकांचे आधार आणि बँक खाती गूगल शीटवर उघडी पडतात, दुवा ज्याच्या हाती त्यानं वाचावं, आणि पद किती महिने रिकामं आहे ही माहिती मात्र माहिती अधिकारात अर्ज करूनही महिनाभरानं मिळते. माणूस झाका, पद उघडं करा.

या पानावर एक रकाना मला आग्रहानं हवा आहे : पदावरचा माणूस किती दिवस शाळेबाहेर होता. आमच्या भाषेत याला 'कामगिरीवर काढणं' म्हणतात. कागदावर शिक्षक या शाळेत, पगार या शाळेतून, आणि माणूस पंचायत समितीत संगणकावर, कारण त्याची टायपिंग चांगली. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २५ हे करू देत नाही. कलम २७ नं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढ्याचीच सूट दिली आहे. तरी २०२४ चं वर्ष आठवा. जानेवारीत मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण, मग लोकसभा, मग विधानसभा. आता २०२७ ची जनगणना दारात. ही कामं देशाची आहेत, कुणीतरी करायलाच हवीत. पण त्यात किती अध्यापनाचे दिवस खर्ची पडले, ते तरी लिहा.

गंमत अशी, की हा रकाना आजही आहे. यूडायसच्या प्रपत्रात प्रत्येक शिक्षकापुढे 'अशैक्षणिक कामाचे दिवस' विचारलेले असतात. आम्ही तिथे शून्य लिहायचो. मीच मुख्याध्यापकांना सांगायचो, शून्य टाका, उगीच वरून विचारणा नको. मतदार यादी घेऊन उन्हात फिरलेले, मतपेट्यांबरोबर रात्र काढलेले शिक्षक, आणि पुढे शून्य. खरं लिहून काही बदलणार नाही आणि त्रास मात्र होईल, अशी आमची खात्री होती. तो आकडा आमच्या पुन्हा कधी नजरेस पडला नाही, कुणी त्यावर काही विचारलं नाही. देशाच्या शिक्षणावरचे अहवाल अशा शून्यांवरही उभे असतात.

इथे महात्मा फुल्यांची आठवण होते. १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा आणि त्याला बारा रुपयांहून कमी पगार नसावा, असं मांडलं होतं. गावचे हिशेब तपासणं, दस्त नोंदवणं, टपालाचं काम अशी कामं शिक्षकाकडे द्यावीत म्हणजे त्याची गावातली पत वाढेल, अशीही त्यांची सूचना होती. शिक्षकाकडे जादा काम देण्याची कल्पना सुरुवातीला त्याचा मान वाढावा म्हणून आली होती, हे वाचून मी थोडा वेळ तसाच बसलो होतो. आज जादा काम भरपूर आहे.

या मागणीवर शिक्षकांकडूनच येणारा आक्षेप मला माहीत आहे, कारण मीही तो वर्षानुवर्षं घेतला. आकडे उघडे केले की शाळांच्या क्रमवाऱ्या लागतील, गावातला कुणीतरी पुढारी कागद नाचवत येईल, कमी पटाची शाळा बंद करायला सरकारला आयता पुरावा मिळेल. यातली शेवटची भीती खरी आहे. पण सरकारकडे तो पुरावा आजही आहे. नाहीये तो गावाकडे. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना बसवलेलं आहे, त्यांच्या हातात काय देतो आपण? ठराव वहीवर सही करायला पेन. दोन वर्षं गणिताचा शिक्षक नव्हता म्हणून पट घसरला, की पट घसरला म्हणून शिक्षक काढला, हे त्यांना तारखांसह दाखवता आलं, तर शाळा बंद करायला आलेल्या साहेबांपुढे ते काहीतरी बोलू शकतील. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २६ नं सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांत दहा टक्क्यांहून जास्त पदं रिकामी ठेवायला मनाई केली आहे. हे कलम किती पालकांना ठाऊक आहे? आणि ठाऊक असून मोजणार कशावरून?

दुसरा आक्षेप असा, की भरलेली माहितीच खोटी असेल तर ती उघडी करून काय मिळणार. मला उलट वाटतं. बंद कपाटातली माहितीच खोटी राहू शकते. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण उघडकीस आलं. रीतसर मान्यता नसताना आयडी तयार झाले, पगार निघाले, अधिकाऱ्यांना अटका झाल्या. त्याआधी टीईटी गैरव्यवहारात साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली होती. दोन्ही ठिकाणी नोंद अशा जागी होती, की जिथे थोड्याच लोकांचा हात पोचत होता आणि बाकी कुणाची नजर पोचत नव्हती. शाळेच्या फलकावर मंजूर पदं इतकी, शालार्थवर पगार इतक्यांचा, असं शेजारी शेजारी लिहिलेलं असेल, तर तफावत दिसायला विशेष तपास पथक लागत नाही. गावच्या पारावर बसणाऱ्यांना शाळेत कोण येतं, कोण येत नाही, हे यूडायसपेक्षा चांगलं कळतं.

आणि शिक्षकांच्या संघटनांनी हे मागितलं पाहिजे, सरकार देईल म्हणून वाट बघू नये. जुन्या पेन्शनसाठी, बदल्यांसाठी, वेतनश्रेणीसाठी मोर्चे निघाले, निघावेतच. पण 'अशैक्षणिक कामं बंद करा' या मागणीला आजवर जोर आला नाही, कारण आमच्याकडे हुंदका होता, हिशेब नव्हता. आमच्याच हातानं लिहिलेलं शून्य सरकार आमच्यापुढे ठेवू शकत होतं. सगळ्या तालुक्यानं एक वर्ष ठरवून तो रकाना खरा भरला, तर त्या एका वर्षाचं वजन दहा निवेदनांपेक्षा जास्त पडेल. भीती एकट्याला असते. शंभर शाळांनी एकदम खरं लिहिलं तर विचारणा कुणाकुणाला करणार?

गेल्या हिवाळ्यात मी हे स्वतः करून पाहिलं, माझ्या जुन्या केंद्रापुरतं. पोर्टल नाही, लॉगिन नाही. मोटारसायकल काढली, शाळांत गेलो, चहा घेतला, आणि दोनशे पानी वहीत दर पदाला अर्धं पान दिलं. निवृत्तीचा महिना विचारावा लागतच नाही, स्टाफरूममध्ये सगळ्यांना सगळ्यांचा पाठ असतो. 'बाईंचं सत्तावीसचा मे, सरांचं एकोणतीसचा मे.' पद रिकामं किती दिवस होतं हे मुख्याध्यापकांपेक्षा पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना नीट आठवत होतं : 'ते सर दिवाळीला गेले, अन् ह्या मॅडम पुढल्या पोळ्याला आल्या.' चार दिवसांत काम झालं. शेवटी बेरीज केली तेव्हा पुढच्या पाच वर्षांत कुठल्या शाळेत नेमकं कधी भगदाड पडणार, ते एका पानावर मावलं. दोन शाळा अशा निघाल्या, जिथले दोन्ही शिक्षक एकाच ३१ मेला जाणार होते.

ते पान घेऊन मी कार्यालयात गेलो. ओळखीचा लिपिक, माणूस भला. त्यानं चष्मा वर करून दोनदा वाचलं, मान हलवली, 'बरोबर आहे की सर' म्हणाला. मग आवक नोंदवही पुढे ओढली, पेन उचललं आणि थांबला.

"सर, पण ही माहिती मागितलीय कुणी?"